मुनसफाचा टब

अंबडात गोजरबाईशी भांडून कुणी हसत घरी गेल्याचं ऐकिवात नाही. बाई बेताच्या उंचीची, हाडं काटकुळी, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की बाजाराला निघालेली बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची. गाडीवान म्हणायचा, होऊ द्या बाईचं, मंग जाऊ. तिला पाठीमागं लोक काय काय म्हणायचे ते तिला ठाऊक होतं आणि त्यातलं निम्मं तिला आवडायचंही. मऊ लागलं की कोपरानं खणतात लोक, असं ती म्हणायची. तिला खणायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती.

नवरा रखमाजी घोंगड्या विणायचा. पोलीस ॲक्शन झाली त्या साली तापानं गेला. पोटी लेकरू नव्हतं. भावकीनं धरलं होतं की आता ही माहेरी जाईल, नाहीतर धाकट्या दिराच्या घरी कोपऱ्यात बसून लोकर पिंजत राहील. दीर भुजंग, तो तर दिवस व्हायच्या आधीच मागाकडं बघून गेला होता, कुठली लाकडं बदलावी लागतील म्हणून. तेरावं झालं आणि सकाळी गल्लीनं आवाज ऐकला. गोजरबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती आणि विणत होती.

त्यांच्या धनगरांत बायांनी सूत कातायचं, माग बाप्यानं चालवायचा. बाई मागावर बसली असं भावकीत कुणी पाह्यलं नव्हतं. भुजंगानं दारात उभं राहून दोन शब्द ऐकवले. गोजरबाईनं त्याला वीस ऐकवले, त्यात त्याच्या बायकोचे, सासऱ्याचे आणि एका विकलेल्या मेंढीचेही निघाले. तो गेला. पण विसरला नाही. माग रखमाजीच्या बापाचा, म्हणजे भुजंगाच्याही बापाचा. हा काटा त्याच्या मनात तसाच राहिला.

पहिल्या वर्षी तिच्या घोंगड्यांना कड वाकडी यायची. दुसऱ्या वर्षी सरळ आली. तिसऱ्या वर्षी शहागडचे मेंढके तिच्या दारात येऊन बसायला लागले, कारण तिची घोंगडी पावसात जड होत नव्हती. तेव्हा कुठं बाईला वाटलं, आपण आता कुणाच्या दारात जायचं नाही. सारं आयुष्य त्या कंबरभर खड्ड्यात होतं. खड्डा कोरडा, तर माग चालतो. माग चालतो, तर गोजरबाई कुणाची मिंधी नाही.

आणि नेमकं त्याच खड्ड्यात पाणी आलं.

खड्ड्याच्या पाठीची भिंत सामाईक होती. पलीकडं एक जुना चौसोपी वाडाही नाही आणि बंगलाही नाही, असं मधलंच घर. निजामाच्या अमलात तिथं एक मुनसफ, दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश, राहून गेला. त्याला आडवं पडून अंघोळ करायची हौस. त्यानं न्हाणीत विटा-चुन्याचा एक टब बांधून घेतला, माणूस लांब पाय करून झोपेल एवढा. अंबडात लोक डोक्यावर तांब्या ओतून मोकळे होणारे. पाण्यात झोपणारा माणूस म्हणून त्या मुनसफाची पार शहागडपर्यंत थट्टा झाली. राज्य गेलं, मुनसफ हैदराबादेला गेला, टब राहिला.

घर घेतलं जुगलकिशोरनं. गुळाची आडत, घराणं मूळचं मारवाडचं, पण तीन पिढ्या अंबडातच गेलेल्या. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त आपण चुकत नाही अशी त्याची बिलकुल खात्री होती. चाळिशीतच त्याचे गुडघे धरले. वैद्यानं सांगितलं, निर्गुडीच्या ऊन पाण्यात बसत जा. मग काय, मुनसफाचा टब घासूनपुसून चालू झाला. रोज सकाळी शेटजी निर्गुडीच्या पाल्यात बसलेले. पाणी अंबडात सोन्याच्या मोलाचं, म्हणून तेच पाणी चार-चार दिवस ठेवायचं, सकाळी वरून ऊन पाण्याची भर घालायची. घरात कोण कोण होतं म्हणाल, तर तो, त्याची बायको भगवतीदेवी, आणि आई धापूबाई. म्हातारी कमरेत वाकलेली, बोलायची कमी.

टब चालू झाला आणि इकडं गोजरबाईच्या खड्ड्याची पाठ घामेजली. आधी वाटलं, पावसाळ्याची ओल असेल. मग माती लोण्यासारखी मऊ झाली. मग एका सकाळी तिनं खड्ड्यात पाय सोडले, तर घोट्याला पाणी लागलं. ताण्याचे उभे धागे ओलाव्यानं सैल पडले, त्यांना लावायची चिंचोक्याची खळ बुरसली, अर्धी विणलेली घोंगडी कुबट वास मारायला लागली. ती घोंगडी तिनं उचलली आणि तशीच ओली खांद्यावर टाकून जुगलकिशोरच्या ओसरीवर नेऊन आपटली.

त्या दिवशी ती काय बोलली ते इथं सगळं लिहायची सोय नाही. सार एवढंच की तुम्ही पाण्यात लोळा, पण माझ्या अन्नात लोळू नका. जुगलकिशोरनं आधी हात जोडले, मग हात खाली आले, मग त्याचाही आवाज चढला. शेवटी त्यानं गवंडी लावला.

चुन्यात गूळ घालायची जुनी रीत आहे. बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी आणि गूळ. गवंड्यानं ओंजळभर गूळ मागितला. आता आडत्याच्या घरी गुळाची काय कमी? जुगलकिशोरनं ढेपच पाठवली. गवंडी म्हणाला, शेट, इतका नको, चुना धरत न्हाई. शेट म्हणाला, घरचा गूळ आहे, हात आखडता घेऊ नको, काम पक्कं झालं पाहिजे. गवंड्यानं मालकाचं ऐकलं. टबाला गोड गिलावा झाला, आठवडाभर पाणी थांबलं आणि परत खड्ड्यात उतरलं.

मग दुसरा गवंडी आला. त्यालाही ढेप मिळाली. मग तिसरा. प्रत्येक वेळी जुगलकिशोर आधीच्या गवंड्याला शिव्या घालायचा आणि गूळ वाढवायचा. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे आणि परत तेच. गोजरबाई खड्ड्यातलं पाणी तांब्यानं उपसायची आणि थेट भिंतीवरून पलीकडं फेकायची. तुमचं पाणी तुम्हाला परत, म्हणायची. एकदा ते भगवतीदेवीच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडलं. भगवतीदेवीनं उलट खरकटं पाणी टाकलं, ते लोकरीवर पडलं. मग गोजरबाईनं बुरसलेली खळ तिच्या तुळशीकडच्या भिंतीला थापली. लोकर धुतलेलं घाण पाणी ती मुद्दाम पाहुणे आले की भिंतीकडेला ओतायची, आणि त्यांच्या घरी पाहुणे फार यायचे. जुगलकिशोर म्हणाला, कोर्टात ओढीन. गोजरबाई म्हणाली, ओढ, तुझे गुडघे तिथवर पोचले तर.

भगवतीदेवीनं गल्लीत पसरवलं की या बाईच्याच घराला शाप आहे. बाईनं मागावर बसू नये, बसली, म्हणून देवानं पाणी काढलं. हे बोलणं कुठून कुठं गेलं असेल ते सांगायला नको. भुजंगाच्या कानावर गेलं आणि त्याला जणू हरवलेली मेंढी सापडली. तो भावकीत जाऊन सांगू लागला की बिरोबा कोपलाय, विधवेचा पाय मागाच्या खड्ड्यात पडला म्हणून खड्ड्याला पाझर फुटला. आज तिचा खड्डा फुटला, उद्या साऱ्यांच्या मेंढरांवर येईल.

मेंढरांचं नाव निघालं की धनगराचं काळीज हलतं. भावकीतला वडीलधारा धुळाजी हा शांत माणूस, कान भरले तरी लगेच न हलणारा. पण तोही म्हणाला, दसऱ्याच्या आधी याचा निकाल लावू. पाणी टबाचं असेल तर शेटनं बंद करायचं आणि माग गोजरेकडं. पाणी टबाचं नसेल, तर माग भुजंगाच्या घरी जाईल.

आता गोजरबाईची झोप उडाली. माग गेला तर भुजंगाच्या घरी त्याच्या बायकोच्या हातचं खायचं, तिनं टाकलेलं नेसायचं. त्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी, असं ती स्वतःशी म्हणायची आणि लगेच स्वतःलाच शिवी घालायची, विहिरीत जायचं तर भुजंगाला घेऊन जा.

आणि नेमकं त्याच वेळी जुगलकिशोरनं टबाला शेवटचा गिलावा केला आणि जाहीर केलं की आता थेंब गळत नाही. त्यानं टबाच्या आत कोळशानं रेघ मारली. रोज सकाळी पाणी बराबर रेघेवर. कुणीही यावं, बघावं. लोक आले, बघून गेले, पाणी रेघेवरच होतं. आणि इकडं खड्ड्यात पाणी होतं ते होतंच. दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. मग पाणी आलं कुठून? लोक तोंडानं बोलत नव्हते, पण गोजरबाईच्या दारावरून जाताना जरा लांबून चालायला लागले.

तिला स्वतःलाही एक-दोनदा वाटून गेलं, की खरंच देव असेल का. हे वाटलं त्याचा तिला जास्त राग आला. ती खड्ड्यात उतरून बसली, विणायला नव्हे, नुसती भिंतीकडं बघत. दुपार होती. ओल्या भिंतीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. मुंग्या काय, सगळीकडं असतात. पण या मुंग्यांच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. गोजरबाईनं बोट लावलं, चाटून बघितलं. पीठ आणि साखर.

तिच्या घरात साखर नव्हतीच. सणाला सुद्धा गूळ.

तिनं चुलीपाशी टाकलेला तुटका विळा घेतला आणि जिथून रांग येत होती तिथं माती खरवडली. माती अशी गळून पडली जशी जुनी भाकरी. आत बारीक बारीक बोगदेच बोगदे, सगळी भिंत चाळण झालेली. मग ती माळ्यावर चढली आणि कौलांच्या फटीतून पलीकडं बघत राहिली. उन्हं कलल्यावर धापूबाई आली. हातात वाटी. न्हाणीच्या भिंतीच्या बुडाला वाकून, मोठ्या मायेनं, चिमटी-चिमटीनं पीठसाखर टाकत होती. मारवाड्यांत हे पुण्य मानतात. मुंग्यांच्या वारुळाला किडीनगरं म्हणतात, त्याला पीठसाखर घालतात, त्याला शिंपणं म्हणतात. हे सारं अंबडला माहीत होतं. ते नेमकं या भिंतीच्या बुडाला चाललंय, हे तेवढं कुणाला माहीत नव्हतं.

बाहेरून पीठ, आतून गुळाचा चुना. मुंग्यांनी इथं राज्य थाटलं नसतं तरच नवल. गोजरबाईनं माळ्यावरूनच तोंड सोडलं. म्हातारे, तुझ्या मुंग्यांनी भिंत खाल्ली, माझा माग बुडवला. धापूबाईनं वर बघितलं. वाटी पदराखाली घेतली आणि आत निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. गोजरबाईला त्या भीतीचा अर्थ लागला नाही, आणि लावायची तिला गरजही वाटली नाही. ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं.

जुगलकिशोरला तिनं ओसरीवरून हे ऐकवलं तेव्हा तो खो खो हसला. मुंग्या पाणी आणतात व्हय? टबातलं पाणी रेघेवर आहे, भिंतीला हजार भोकं असली तरी माझ्या टबाचा काय संबंध? यावर गोजरबाई ओसरी उतरून घरी आली. भांडण अर्धं सोडणं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भावकी जुगलकिशोरच्या अंगणात बसली. धुळाजी मधोमध, भुजंग त्याच्या डाव्या हाताला, धुतलेलं धोतर नेसून, वऱ्हाडात आल्यासारखा. गोजरबाई खांबाला टेकून उभी. तिला कुणी बस म्हणालं नाही आणि ती बसलीही नसती. साऱ्यांनी न्हाणीत जाऊन टब बघितला. पाणी रेघेवर. मग तिच्या घरी जाऊन खड्डा बघितला. पाणी घोट्यावर. बाहेर येऊन सारे धुळाजीच्या तोंडाकडं बघायला लागले. भुजंग म्हणाला, आता डोळ्यांनी पाह्यलं ना, अजून काय पायजे.

धुळाजीनं शपथेला बेल आणि भंडारा मागवला. पितळेच्या ताटलीत हळद, वर बेलाची पानं. जुगलकिशोरला म्हणाला, शेटजी, तुमचा आमचा देव एक न्हाई, पण खोट्याला दोन्ही देव सोडत न्हाईत. तुमचा टब गळत नसेल तर उचला.

जुगलकिशोर बिनधास्त पुढं झाला. त्याच्या मनात खोट नव्हती. त्यानं रोज डोळ्यांनी रेघ बघितली होती. त्यानं बेलभंडारा मुठीत घेतला आणि ताठ आवाजात म्हणायला लागला, की माझ्या टबातून एक थेंब जरी गळत असेल, तर माझा वंश...

त्याचं मनगट धरलं गेलं. धापूबाई मधे कधी आली कुणाला कळलंच नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याची मूठ दाबून धरली होती. वाकलेली म्हातारी, पण बोटं अशी रुतली की भंडारा त्याच्या मुठीतून सांडला आणि तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पिवळा डाग पडला.

"नको बोलूस," ती म्हणाली. "टब गळतो."

तिनं त्याची मूठ अजून सोडली नव्हती.

"रोज घागरभर उतरतो. तू उठायच्या आधी मी भरते. रेघेपर्यंत भरते."

जुगलकिशोर आईकडं बघतच राहिला. धुळाजीनं विचारलं, का भरायच्या, आई? ती म्हणाली, गळतो म्हणून कळलं असतं तर भिंत खणली असती. भिंतीच्या बुडाला माझं किडीनगरं आहे. खणताना ते मोडलं असतं.

दोघेतिघे हसले. धुळाजी हसला नाही. जुगलकिशोरनं मान खाली घातली, आणि त्याची बायको तोंडावर पदर घेऊन आत गेली. गोजरबाईला मात्र हसूही आलं नाही आणि दयाही आली नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मुंग्यांसाठी. म्हणजे हिनं मुंग्यांसाठी माझ्या पोटावर पाय दिला. माझी झोप, माझी लोकर, माझी अब्रू, बिरोबाचा कोप म्हणून माझ्या दारावरून लांबून चालणारे लोक, हे सारं कशासाठी, तर मुंग्या सुखात राहाव्यात म्हणून. हिच्या लेखी मी मुंगीपेक्षाही गेले.

निकाल तिथंच झाला. माग गोजरबाईचा. तो तिच्या हयातीत कुणी मागायचा नाही. भुजंग उठून गेला, धोतर झटकून. जुगलकिशोरनं त्याच वेळी टबाचं बूच काढलं. पाणी वाहून गेलं, आणि तो म्हणाला, आता हा टब परत भरायचा न्हाई, मी गवंडी बोलावून फोडून टाकतो. तेवढं तो मर्दासारखा वागला.

लोक उठायला लागले तेव्हा धापूबाई गोजरबाईपुढं आली. पाणी तर आता थांबलंच आहे, म्हणाली, भिंत तू तुझ्या बाजूनं लिंपून घे, पण वारुळाला हात लावू नको. मी रोज पीठ थोडं थोडं पलीकडं टाकत जाईन, त्या आपसूक मागल्या लिंबाकडं जातील. थोडे दिवस दे. गोजरबाई काही बोलली नाही. लोकांनी ती कबूल झाली असं धरलं. म्हातारीनंही धरलं असावं, कारण तिनं कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी सारी गल्ली आपट्याच्या पानांच्या घाईत होती. गोजरबाईनं चुलीवर खळीचा मोठा हंडा चढवला, पण त्यात चिंचोका टाकला नाही. पाणी खदखदलं. तिनं पदरानं हंडा धरला, आणि तिथं कुणी नसतं अशी वेळ साधून, मागच्या बोळातून शेटच्या न्हाणीमागं जाऊन वारुळाच्या तोंडात ओतला. मग परत येऊन दुसरा हंडा तापवला आणि आपल्या बाजूनं, भिंतीच्या भोकांत ओतला. जळक्या गुळाचा वास आला. मुंग्या फुगून वर आल्या, पिठासकट. तिनं त्या केरसुणीनं गोळा केल्या आणि उकिरड्यावर टाकल्या. त्या दिवशी तिनं पुरणाची पोळी केली आणि दोन खाल्ल्या.

टब फुटला. भिंत लिंपली. दिवाळीच्या आत खड्डा कोरडा ठणठणीत झाला. गोजरबाईनं नवा ताणा चढवला आणि अशी विणायला लागली की जसं मागचे सारे बुडालेले दिवस भरून काढायचे आहेत. लांबून चालणारे परत दारात बसायला लागले. त्यांना ती बसू द्यायची, पण कोण कोण लांबून गेलं होतं ते नावानिशी ऐकवायची. भुजंग दिसला की मुद्दाम मोठ्यानं पायाखालची पावडी दाबायची, माग खडखडायचा.

वारुळाचं काय झालं ते पलीकडं कळलं तर असणारच. पण तिकडून ना शिवी आली ना खरकटं पाणी. ही शांतता गोजरबाईला सोसवेना. भांडण असलं की तिला माणूस कळायचा. तिनं दोनदा उगाच भिंतीवरून पाणी फेकून बघितलं, तरी काही नाही.

मग एका दुपारी धापूबाई दारात आली. या घरात ती आजवर कधी आली नव्हती. उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवून, चौकट धरून उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही. गोजरबाईनं हात थांबवला, पण खड्ड्यातून उठली नाही.

"शिव्या द्यायला आलीस काय?" तिनं विचारलं.

म्हातारी म्हणाली, शिव्या कशाला देऊ. मी खरं बोलले म्हणून तुझा माग राहिला, एवढं सांगायला आले.

"मंग खोटं बोलायचं होतं," गोजरबाई म्हणाली. "मी काय तुझ्या पाया पडले होते?"

धापूबाईनं मान हलवली, होकारार्थीच. जसं कुणी वाजवी तेच सांगितलं होतं.

"जुगलच्या आधीची तीन गेली माझी," ती म्हणाली. "एक बी महिन्याचं झालं न्हाई. एका साधूनं सांगितलं, किडीनगरं शिंप, तुझं लेकरू टिकंल. शिंपायला लागले तवा हा टिकला. चाळीस वर्सं एक दिवस चुकले न्हाई, या घरी आले तवा हे वारूळ धरलं. मोडलं तर हा जाईल, म्हणून तोंड शिवून बसले. तुझा माग बुडून राह्यल्ता, दिसत होता मला. तरी बसले. आन् त्या दिवशी तो खोटा भंडारा उचलून राह्यल्ता, वंश बुडो म्हणून राह्यल्ता. इकडून बी पोरगा आन् तिकडून बी पोरगाच. तूच सांग गोजर, मी काय करायचं होतं?"

गोजरबाईच्या तोंडात शब्द तयार होते. ते नेहमीच असायचे. या खेपेला ती ताण्याचा एक धागा बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली.

"आता पहाटे उठते आन् आधी त्याच्या खोलीत जाते," म्हातारी म्हणाली. "छातीवर हात ठिवून बघते, हलून राह्यली का. मंग चूल पेटवते." आणि ती जशी आली तशीच चौकट धरत बाहेर पडली.

ती गेल्यावर गोजरबाई रिकाम्या घरात मोठ्यानं बोलली. मुंग्यांनी कुणी जगत नसतं. साधू काय, भिक्षा मिळाली की काहीही सांगतात. चाळिशी उलटलेला बाप्या, त्याला काय धाड भरलीय. म्हातारी मुद्दाम माझ्या डोक्यात किडा सोडून गेली, दुसरं काही नाही. असं बरंच बोलली. माग मात्र तिला चालवता येईना. पाय पावडीवर होता, आडवा धागा नेणारा धोटा हातात होता, आणि त्या दिवशी चार बोटं सुद्धा विणून झालं नाही.

रात्री तिला झोप लागली नाही असं नाही, पण पहाटे फार लवकर जाग आली. ती खड्ड्याशी येऊन बसली आणि भिंतीला कान लावला. आपण काय करतोय ते कळत होतं, तरी कान काढवेना. पलीकडं एक दार कुरकुरलं. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. गोजरबाईनं कान भिंतीला आणखी दाबून धरला. मग जुगलकिशोर खोकला, दोनदा, खाकरून थुंकला, आणि गोजरबाईचा जीव भांड्यात पडला.

त्याचा तिला इतका संताप आला की तिनं भिंतीवर हातातला धोटा मारला. पण दुसऱ्या पहाटे ती परत तिथंच होती. तिसऱ्याही. पुढं कितीतरी वर्षं अंबडात लोक म्हणायचे की शेटशी बोलत नाही, त्याच्या सावलीला उभी राहत नाही, त्याच्या घरचं काही मेलं तरी खात नाही, अशी ही हट्टी बाई. ते खरंच होतं. फक्त पहाटे तो खोकल्याशिवाय तिचा माग चालू व्हायचा नाही. खोकला आला की ती म्हणायची, जगून राह्यला मेला अजून. आणि मग पावडी दाबायची.